आयडलिंगचा स्क्रू फिरवण्याआधी



आजचं टिपण पिकाचं नाही, गाडीचं आहे. तरी शेवटपर्यंत वाचा. आपल्या भागात वीस-वीस वर्षांच्या पेट्रोल गाड्या अजून पुष्कळ दारांत उभ्या आहेत आणि त्यांची एक तक्रार सगळीकडे सारखीच. फाट्यावर, गतिरोधकावर गाडी हळू केली की बंद पडते. नाहीतर उलटं, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन आपोआप वर-खाली, वर-खाली करत राहतं. गॅरेजवाले म्हणतात, "आयडलिंग बिघडलंय." पण बिघडलंय म्हणजे नेमकं काय झालंय, ते कुणी सांगत नाही. एक स्क्रू फिरवून देतात आणि आपण घरी येतो.

आमची गाडी २००४ सालची. चार सिलिंडर, पेट्रोल, एमपीएफआय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. वीस वर्षांचं रबर आणि आपल्या शिवरस्त्याची धूळ, एवढाच विषय आहे.

ही गाडी चालू राहणं आमच्या घराला किती गरजेचं आहे तेही सांगतो. आईचं डायलिसिस चालू आहे. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी संगमनेर. घरापासून २६ किलोमीटर आणि मध्ये पुणे-नाशिक हायवे ओलांडावा लागतो. गाडी बंद पडायची ती नेमकी तिथे. क्लच दाबून, ब्रेक लावून, दोन्हीकडे बघून निघायचं म्हटलं की इंजिन गप्प. परत येताना तर आईचं बीपी खाली आलेलं असतं, तिला रस्त्याच्या कडेला उन्हात उभं करता येत नाही. एकदा बंद पडली तेव्हा मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला आणि आई म्हणाली, "तू घाई करू नको, मी ठीक आहे." ती ठीक नव्हती. कांद्याच्या भावात दुसरी गाडी घेण्याचा विचारही शक्य नव्हता.

दोन गॅरेज झाले. पहिल्याने आयडलिंग वाढवून दिलं. आठ दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच, वर पेट्रोल जास्त जायला लागलं. दुसरा म्हणाला, "भाऊ, ईसीयू गेलाय. जुना मिळाला तर बघू." ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. मी विचारलं, "गेलाय कशावरून?" तर म्हणाला, "या गाड्यांना तोच प्रॉब्लेम असतो." हे उत्तर मला पटलं नाही. पान पिवळं दिसलं की माती, मुळं, पाणी काही न बघता "युरिया टाका" म्हणणाऱ्यासारखं ते उत्तर होतं. म्हणून मग घरीच, कांदा चाळीशेजारी गाडी उभी करून शोधायला बसलो.

आधी समजून घ्यायची गोष्ट

कार्बोरेटरच्या गाडीला आयडलिंगचा स्क्रू होता. स्क्रूड्रायव्हर लावला, फिरवला, इंजिनचा आवाज जमला की विषय संपला. आपल्या हाताला तीच सवय आहे. २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, पेट्रोल कारमधला कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. त्यात आयडलिंग माणूस ठरवत नाही, ईसीयू ठरवतो.

कसं ठरवतो? ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटल बॉडीतली गोल पाटी जवळजवळ पूर्ण बंद होते. इंजिनला श्वास घ्यायला बाजूने एक बारीक वाट ठेवलेली असते आणि त्या वाटेवर ईसीयूच्या ताब्यातला एक व्हॉल्व्ह असतो. त्याला आयएसी म्हणतात. इंजिन थंड असेल तर ईसीयू तो जास्त उघडतो, गरम झालं की मिटत आणतो. हेडलाइट लावले, एसी लावला, इंजिनवर ओझं आलं की पुन्हा थोडा उघडतो. म्हणजे आपल्या कॅनॉलच्या गेटवर पाटकरी बसलेला असतो ना, तसंच. मागणी वाढली की गेट उचलायचं, कमी झाली की खाली.

हवा किती आली हे सेन्सरवरून मोजून त्या हिशोबात पेट्रोल सोडलं जातं. साध्या पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल, वजनाने. त्यामुळे आयडलिंगच्या तक्रारीत पहिला प्रश्न पेट्रोलचा नाही, हवेचा आहे. पाटकऱ्याला न विचारता कुठून हवा घुसतेय का? आणि पाटकऱ्याने गेट उघडलं तरी चारी तुंबल्यामुळे हवा पोचतच नाही असं आहे का?

तीन दिवस फक्त नोंदी

पाना हातात घेण्याआधी मी तीन दिवस वहीत लिहिलं. आमच्या गाडीत आरपीएमचा काटा आहे, म्हणून सोपं गेलं.

सकाळी थंड स्टार्ट: काटा १६०० वर, मग १२०० ते १७०० असा सारखा झोके घेतो.
पाच-सात मिनिटांनी: झोके कमी.
पूर्ण गरम, रेडिएटरचा पंखा एकदा लागून गेल्यावर: ११०० वर थांबतो.
गरम इंजिन, वेगातून येऊन क्लच दाबला: काटा सरळ ५०० च्या खाली, बहुतेक वेळा बंद.
उभ्या गाडीत हेडलाइट लावले: काटा खाली जातो आणि तिथेच राहतो, सावरत नाही.

या पाच ओळींनी अर्धं काम केलं. थंड असताना हवा जास्त होतेय आणि गरम झाल्यावर ऐनवेळी कमी पडतेय. एकाच गाडीत दोन उलट्या तक्रारी. अशा वेळी कारण एकच असेल असं धरून चालू नये. झोके का येतात तेही सांगतो. पाय काढलेला असताना आरपीएम ठरावीक मर्यादेच्या वर राहिला, तर ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे. तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो, मग पुन्हा पेट्रोल सोडतो. आरपीएम चढतो, पुन्हा तोडतो. हा खेळ म्हणजेच झोके. ईसीयू बिघडलाय म्हणून ते होत नाही, तो त्याचं काम करतोय म्हणून होतं.

घरच्या अवजारांनी तपासणी

मोटरच्या स्टार्टरसाठी घेतलेला मल्टीमीटर, हातपंप फवारणीची छोटी बाटली, आणि ठिबकच्या १६ एमएम लॅटरलचा हातभर तुकडा. एवढंच सामान.

पहिल्यांदा साध्या गोष्टी. एअर फिल्टर काढून झटकला, धूळ बघून नवीनच टाकला. प्लग काढून बघितले, चारही सारखे तपकिरी, म्हणजे एखादाच सिलिंडर मार खात नव्हता. बॅटरीची अर्थची पट्टी बॉडीला जिथे बसते तिथला गंज घासला. कूलंटची पातळी बघितली. ही महत्त्वाची आहे. कूलंट कमी असेल आणि तापमानाच्या सेन्सरपाशी हवा अडकली, तर ईसीयूला इंजिन थंडच आहे असं वाटतं आणि तो आयडलिंग चढंच ठेवतो. तो सेन्सर मल्टीमीटरने मोजता येतो. अशा बऱ्याच गाड्यांत थंड इंजिनला दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांच्या आसपास तीनशेच्या घरात रोध येतो. आमचा त्यात बसला. सेन्सर सुटला.

मग गळती. ही गळती बाहेर पडणारी नसते, आत ओढणारी असते. थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये चालू इंजिनात व्हॅक्यूम असतो. तिथे कुठे चीर पडली की बाहेरची हवा आत जाते. लॅटरलचा तुकडा एका कानाला लावला, दुसरं टोक एकेका होजजवळून फिरवलं. मागच्या बाजूला, ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या जाड होजच्या इंजिनकडच्या टोकाशी "स्स्स" असा आवाज. बाटलीतून साध्या पाण्याचा बारीक फवारा तिथे मारला तर आवाज क्षणभर थांबला आणि आरपीएम हलला. चीर खालच्या बाजूला होती, वरून होज अगदी धडधाकट. हात फिरवला तेव्हा बोटाला लागली.

इथे दोन सूचना. लॅटरल आणि हात पंख्यापासून, बेल्टपासून लांब ठेवा, बाह्या वर करा. आणि काही जण ही तपासणी कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारून करतात. गरम इंजिनावर ते करू नका, भडका उडतो. पाण्याने काम होतं. फक्त वायरिंगच्या सॉकेटवर पाणी मारू नका.

होज बदलला आणि गाडी जास्त बिघडली

नवा व्हॅक्यूम होज आणून बसवला. सकाळचे झोके गेले. पण आता गाडी थंड असतानाही बंद पडायला लागली. आधी फक्त फाट्यावर बंद पडायची, आता दारातच.

धाकटा भाऊ म्हणाला, "जुनाच होज परत लाव, निदान आईला घेऊन जाता तरी येईल." त्याचं म्हणणं काळजीपोटी होतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. पण चीर पडलेला होज परत लावणं म्हणजे ब्रेकच्या वाटेवर चीर ठेवणं. शुक्रवारी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली आणि आमची चाळीशेजारीच राहू दिली.

या टिपणातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. एक खरा दोष काढल्यावर तक्रार वाढली, म्हणजे आपण चुकलो असं नसतं. दुसरा दोष उघडा पडलेला असतो. होजच्या चिरेतून येणारी चोरटी हवा दुसऱ्या कुठल्यातरी वाटेची कमतरता भरून काढत होती. रबर थंड असताना कडक, चीर उघडी, हवा जास्त. इंजिन तापलं की रबर मऊ पडून चीर मिटायची आणि मग गाडी उपाशी. नोंदीतल्या दोन उलट्या तक्रारींचा हिशोब इथे लागला. चर काढून शेतातलं साचलेलं पाणी काढून दिलं आणि मग झाडावर अन्नद्रव्याची कमतरता दिसायला लागली, तर कुणी चर बुजवत नाही.

तुंबलेली चारी

थ्रॉटल बॉडीचा रबरी पाइप काढून आत टॉर्च मारली. पाटीच्या कडेने काळ्या, चिकट काजळीचं कडं. बाजूच्या वाटेचं भोक जवळजवळ बुजलेलं. इंजिनच्या क्रॅंककेसमधून तेलाची वाफ याच रस्त्याने परत आत घेतली जाते. ती आणि आपली धूळ मिळून हा थर बनतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. इंजिन पूर्ण थंड, गाडी मोकळ्या हवेत, जवळपास विडीसुद्धा नाही. थ्रॉटल क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, सुती फडकं. पाटीच्या दोन्ही बाजू, कडा, बाजूची वाट. आयएसी व्हॉल्व्ह दोन स्क्रूंवर होता, तो काढला. त्याच्या टोकाच्या शंकूवरची काजळी ब्रशने काढली. त्याची पिन हाताने आत दाबायची नाही, आतलं बारीक गिअर तुटतं. मोटरच्या भागात स्प्रे जाऊ द्यायचा नाही. बसवताना सील नवीन.

आणि मग तो स्क्रू

पाटीच्या बाहेरच्या लिव्हरला टेकणारा एक बारीक स्क्रू असतो. पाटी आतल्या भिंतीला घासून अडकू नये म्हणून कारखान्यात तो जागेवर बसवून वर रंगाचा ठिपका देतात. आमचा ठिपका फुटलेला होता. पहिल्या गॅरेजमध्ये "आयडलिंग वाढवून दिलं" ते असं. पाटीच थोडी उघडी करून ठेवली.

त्याने काय होतं बघा. पाटीच्या दुसऱ्या बाजूला थ्रॉटल पोझिशन सेन्सर असतो. त्याच्या व्होल्टवरून ईसीयूला कळतं की पाय काढलाय. मल्टीमीटर लावला तर पाय काढलेला असताना ०.९२ व्होल्ट. बहुतेक गाड्यांत तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो आणि पूर्ण दाबल्यावर ४ च्या पुढे जातो. म्हणजे ईसीयूच्या दृष्टीने आमचा पाय कायम ॲक्सिलरेटरवर. मग तो आयडलिंग सांभाळायला घेणार कसा? पाटकऱ्याला सांगितलंच नाही की पाळी तुझी आहे. हेडलाइट लावल्यावर आरपीएम सावरत का नव्हता, त्याचं उत्तर इथे होतं.

स्क्रू मागे घेत गेलो, पाटी पूर्ण मिटली. मग स्क्रू लिव्हरला जेमतेम टेकेपर्यंत पुढे, आणि पाटी अडकू नये एवढाच किंचित जास्त. व्होल्ट ०.५४. पाय हळूहळू दाबत नेला तर आकडा मध्ये कुठेही न उडता सलग चढला, म्हणजे सेन्सर चांगला. स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन टाकला, पुन्हा कुणी फिरवला तर कळेल.

काही जुन्या मॉडेलना हवेच्या बायपासचा वेगळा स्क्रू असतो आणि तो जुळवायचाच असतो. पण तो सगळ्यात शेवटी. इंजिन पूर्ण गरम, पंखा बंद, लाइट-एसी बंद, गळती नाही, काजळी नाही, आणि मग मॅन्युअलमधल्या आकड्याला.

सगळं बसवून बॅटरी जोडली. वायर निघालेली होती म्हणून ईसीयूची जुनी शिकवण पुसली गेली. किल्ली फिरवून ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी तशीच चालू ठेवली, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत. सुरुवातीला थोडी डगमगली, मग ८५० वर येऊन थांबली. हेडलाइट लावले. काटा जरा खाली गेला आणि लगेच परत ८५० वर. मी चार-पाच वेळा लाइट लावून-बंद करून बघितलं. भाऊ म्हणाला, "आता बॅटरी उतरवतोस का?"

ब्रेकबद्दल वेगळं सांगायचंय

ब्रेक हलका लागतो तो बूस्टरमुळे, आणि बूस्टर चालतो याच होजच्या व्हॅक्यूमवर. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, पुढे पेडल दगडासारखं होतं. म्हणून अशा वेळी ब्रेक सारखा पंप करू नका. एकदाच दाबून धरा, पूर्ण जोर लावा.

बूस्टरची घरची तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून धरून स्टार्ट मारा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. गेलं नाही, किंवा ब्रेक दाबल्यावर पेडलपाशी हवेचा आवाज येऊन इंजिन अडखळलं, तर गाडी आयडलिंगसाठी नव्हे, ब्रेकसाठी गॅरेजला न्या.

आणि होज म्हणून ठिबकची नळी किंवा स्प्रे पंपाची पाइप बसवू नका. हसू नका, मी बसवलेल्या बघितल्यात. गरम झाल्यावर ती व्हॅक्यूमने आत चिपकते. जाड भिंतीचा व्हॅक्यूमचा होजच घ्या, आणि त्यातला चेक व्हॉल्व्ह बाणाच्या दिशेनेच बसवा. चाळीजवळ गाडी लावणाऱ्यांनी उंदरांवरही लक्ष ठेवा, बोनेटखालची ऊब त्यांना आवडते.

आणखी एक. हल्ली प्रत्येक गोष्टीचं खापर इथेनॉलवर फोडलं जातं. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे मिश्रणाचं गणित थोडं बदलतं हे खरं. जुन्या गाडीच्या पेट्रोल लाइनचं रबर अधूनमधून तपासावं हेही खरं. पण आमचा होज पेट्रोलचा नव्हताच, त्यातून फक्त हवा जाते. ऊस लावणाऱ्यांनी तरी न तपासता इथेनॉलला दोष देऊ नये.

थोडक्यात क्रम

१. आधी नोंद: थंड, गरम, ओझं, ब्रेक, प्रत्येक वेळी काय होतं.
२. फिल्टर, प्लग, अर्थ, कूलंट.
३. व्हॅक्यूमची गळती.
४. थ्रॉटल बॉडी आणि आयएसीची सफाई.
५. सेन्सर मल्टीमीटरने.
६. स्क्रू शेवटी, तोही मॅन्युअल बघून.
७. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा नोंद.

सातवा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा. होज, सफाई आणि स्क्रू तिन्ही एकाच दिवशी केले असते तर गाडी सुधारली असती, पण कशामुळे ते कळलं नसतं. पुढच्या वेळी पुन्हा ईसीयूवाल्याच्या दारात. फवारणीतही आपण तेच करतो. बुरशीनाशक, कीटकनाशक, सूक्ष्म अन्नद्रव्य, टॉनिक, सगळं एका टाकीत. पीक हिरवं झालं की टॉनिकवाला म्हणतो माझ्यामुळे.

सगळा खर्च होज, स्प्रे, सील आणि फिल्टर मिळून हजाराच्या आत झाला. तेव्हापासून अकरा आठवडे झाले, म्हणजे बावीस फेऱ्या. गाडी एकदाही बंद पडलेली नाही. दर महिन्याला बोनेट उघडून होज बोटाने चाचपतो आणि वहीत तारीख टाकतो.

तुमच्या गाडीत यापेक्षा वेगळं कारण निघालं असेल तर जरूर लिहा. मॉडेलचं साल, थंड-गरमचा फरक आणि शेवटी नेमकं काय सापडलं, एवढं लिहिलंत तरी दुसऱ्याच्या कामाला येईल.